रग्बी लीगचा विंगर: काम, कारकीर्द आणि करार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगबद्दल आहे. उदाहरणं बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलची (नॅशनल रग्बी लीग) आणि इंग्लंडच्या सुपर लीगची आहेत, कारण या खेळावर पूर्णवेळ पोट भरता येतं ते मुख्यतः याच दोन स्पर्धांत.

आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात तीच का ही रग्बी?

नाही. ती रग्बी युनियन, नाहीतर तिचाच सात जणांचा प्रकार. लीग वेगळी झाली २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामना खेळले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून देण्याला रग्बी फुटबॉल युनियनची बंदी होती, म्हणून उत्तरेकडचे क्लब बाहेर पडले आणि दिवसाला सहा शिलिंग बुडीत मजुरी देऊ लागले. १९०६ मध्ये संघ पंधरावरून तेरावर आला. खेळाडूला पैसे मिळावेत याच मागणीतून हा खेळ जन्मला. त्यामुळे इथे कराराबद्दल उघडपणे बोलायला कुणी लाजत नाही.

नियमांत विंगरच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच: चेंडू हाती आला की संघाला सहा टॅकल (चेंडूवाल्याला धरून अडवणं म्हणजे टॅकल) मिळतात, प्रत्येक टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सरकवून खेळ पुन्हा सुरू होतो, बचावाची फळी दहा मीटर मागे हटते, आणि सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. म्हणून पाचव्या टॅकलनंतर सहसा किक येते, आणि ती बहुतेक वेळा विंगरच्या डोक्यावर येते.

विंगर मैदानावर नेमका कुठे असतो?

जर्सी क्रमांक २ आणि ५, दोन टोकांना. मैदान ६८ मीटर रुंद, ट्राय रेषेपासून ट्राय रेषेपर्यंत १०० मीटर लांब. समोरच्यांच्या त्या रेषेवर किंवा तिच्यामागे चेंडू टेकवला की ट्राय, म्हणजे गुण. विंगरच्या एका बाजूला टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा), दुसऱ्या बाजूला त्याचा सेंटर (त्याच्या लगेच आतला खेळाडू), मागे फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू). टचलाइनला पाय लागला की चेंडू गेला, म्हणून ती रेषा म्हणजे कधीच न चुकणारा बचावपटू असं समजून खेळावं लागतं.

वेग असला की झालं, नाही का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यातल्या गैरसमजामुळेच बरेच वेगवान तरुण मागे राहतात. वेगामुळे चाचणीला बोलावणं येतं. संघातली जागा मात्र टिकते ती तीन कामांवर: स्वतःच्या टोकाकडून चेंडू बाहेर काढणं, उंच किक झेलणं, आणि बचावात पुढे यायचं की थांबायचं याचा निर्णय. ट्राय लोकांना दिसतात. सोमवारी व्हिडिओ लावून प्रशिक्षक बसतात तेव्हा बघतात ती ही तीन कामं.

ऑस्ट्रेलियन विंगर केन अर्व्हाइनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९६३ मध्ये डब्बो इथे १०० यार्ड ९.३ सेकंदांत धावलेला हा माणूस. पण त्या काळी विंगरने बाहेर उभं राहून चेंडूची वाट पाहिली तरी चालायचं. आज ते चालत नाही.

‘चेंडू बाहेर काढणं’ म्हणजे काय?

समोरच्यांनी किक मारून तुम्हाला तुमच्याच ट्राय रेषेजवळ कोंडलं, असं समजा. आघाडीचे जाडजूड खेळाडू नुकतेच सलग टॅकल करून दमलेत आणि अजून मागे परत येतायत. अशा वेळी पहिल्या दोन-तीन धावा फुलबॅक, विंगर आणि सेंटर घेतात. सिडनीजवळच्या पेनरिथ क्लबचा विंगर ब्रायन टोओ उंचीने मोठा नाही, पण याच कामात त्याने विंगरची व्याख्या बदलली. कित्येक सामन्यांत त्याच्या नावावर २०० मीटरपेक्षा जास्त धाव असते. २०२१ ते २०२४ असं सलग चार वेळा पेनरिथ विजेता झाला, त्यात या कंटाळवाण्या दिसणाऱ्या धावांचा वाटा मोठा आहे.

तंत्र असं. चेंडू उभ्याउभ्या घेऊ नका, चार-पाच पावलं वेग आल्यावर घ्या. बचावपटूच्या छातीवर जाऊ नका, दोघांच्या मधल्या फटीत एका खांद्यावर जा. आदळल्यानंतर पाय थांबवू नका. आखूड, भराभर पावलं टाकत राहा. पडताना पोटावर, कोपर आणि गुडघ्यांवर पडा, कारण पाठीवर पडलात तर तिघं जण तुम्हाला सावकाश दाबून ठेवतात आणि त्यांची फळी नीट उभी राहते. पोटावर पडलात तर झटकन उठून चेंडू मागे देता येतो, आणि पुढच्या माणसाला विस्कळीत फळीवर धाव मिळते.

इथे काय बिघडतं? टचलाइनच्या फार जवळून धावलं की दोघं-तिघं मिळून तुम्हाला उचलून बाहेर नेतात. पहिल्या धावेत निदान दहा मीटर आत या. आणि धक्का बसायच्या क्षणी चेंडू एका हातात नको, दोन्ही हात हवेत. स्वतःच्या वीस मीटरमध्ये चेंडू सुटला तर समोरच्यांना तिथेच सहा टॅकल मिळतात.

उंच किक झेलताना चूक नेमकी कुठे होते?

चेंडूखाली जाऊन वाट बघत थांबण्यात. उभा माणूस आणि धावत येऊन उडी मारणारा माणूस यांच्यात दुसरा नेहमी वर पोहोचतो. म्हणून चेंडू जिथे पडेल त्याच्या तीन-चार पावलं मागे राहायचं आणि शेवटच्या क्षणी पुढे येत एका पायावर उडी घ्यायची. समोरून येणाऱ्याच्या बाजूचा गुडघा वर, शरीर किंचित आडवं, कंबर त्याच्याकडे. हात डोळ्यांच्या उंचीवर, बोटं पसरलेली, दोन्ही कोपरं जवळ, म्हणजे चेंडू बोटांतून निसटला तर छातीवर अडतो. शरीर आडवं ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: चेंडू सुटलाच तर तो पुढे न पडता बाजूला किंवा मागे पडावा. पुढे पडला तर नॉक-ऑन, म्हणजे हातून चेंडू पुढे सुटण्याची चूक.

मोठ्याने ‘माझा’ ओरडणं हा तंत्राचाच भाग आहे. फुलबॅक आणि विंगर दोघंही गप्प राहिले की चेंडू दोघांच्या मध्ये टप्पा घेतो, आणि अंडाकृती चेंडूचा टप्पा कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

हवेत असलेल्या झेलणाऱ्याला टॅकल करता येत नाही, पण चेंडूसाठी त्याच्याशी झुंज देता येते. हल्ल्यात तुम्ही असाल आणि झेल अवघड वाटला तर चेंडू तळहाताने मागे, आपल्या माणसाकडे टोलवा. सिडनीच्या रूस्टर्स क्लबचा विंगर डॅनियल टूपू साधारण १९६ सेंटिमीटर उंच आहे. आडव्या किकवर अशा विंगरला रोखणं फार कठीण असतं, म्हणून प्रशिक्षक उंच विंगर मुद्दाम शोधतात.

सरावात एका सत्रात २० ते ३० झेल पुरे, पण त्यातले निम्मे तरी कुणीतरी पॅड घेऊन धक्का देत असताना घ्या. दवाच्या वेळी, उन्हाकडे तोंड करून, वाऱ्यात, सगळ्या प्रकारे घ्या. मोकळ्या मैदानात घेतलेले शंभर झेल सामन्यात उपयोगी पडतीलच असं नाही.

जमिनीवरून सरपटत आलेली किक ट्राय रेषेमागे अडवली तर?

तिथेच पकडले गेलात किंवा चेंडू बाहेर घालवलात, तर तुमच्या संघाला रेषेवरून ड्रॉप-आउट (चेंडू खाली टाकून, टप्पा घेताच मारायची किक) करावा लागतो आणि समोरच्यांना पुन्हा चेंडू मिळतो. अर्धा मीटर का होईना, रेषेच्या पुढे निघून या. तो अर्धा मीटर म्हणजे सहा टॅकल वाचले. आणि त्यांच्या स्वतःच्या चाळीस मीटर रेषेच्या मागे असलेल्या किकरवर नजर ठेवा: त्याने मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन तुमच्या वीस मीटरच्या आत टचलाइनबाहेर गेला, तर चेंडू त्यांचाच राहतो. यालाच फोर्टी-ट्वेन्टी म्हणतात. विंगर वेळेवर मागे सरकला नाही म्हणूनच ती जमते.

बचावात विंगरच्या चुकीने ट्राय झाला, असं समालोचक सारखं म्हणतात. खरंच इतकं अवघड असतं?

हो, संघातला सर्वांत एकाकी निर्णय हाच.

समोरून चार जण येतायत, तुमच्याकडे तीन आहेत. मोजणी नेहमी बाहेरून आत करायची: टचलाइनजवळचा पहिला, त्याच्या आतला दुसरा. संख्या जुळली तर प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, प्रश्नच नाही. एक जास्त असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, सरकणं: सगळी फळी बाहेरच्या दिशेने सरकते, विंगर शेवटच्या दोघांच्या मध्ये राहून वेळ काढतो, हल्लेखोर टचलाइनकडे ढकलला जातो आणि आतून मदत पोहोचते. यात मीटर जातात, ट्राय वाचतो. दुसरा, आत घुसणं: विंगर आपला माणूस सोडून वेगाने पुढे-आत येतो आणि ज्याला पास मिळतोय त्याला चेंडूसकट धरतो. हे जमलं तर हल्ला तिथेच संपतो. नाही जमलं तर डोक्यावरून एक लांब पास, आणि कोपरा मोकळा.

कबड्डी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. कोपरारक्षक साखळीला न सांगता एकटाच चढाईपटूवर झेपावला तर काय होतं, ते इथेही होतं.

आत घुसायचं असेल तर पास देणाऱ्याच्या हातून चेंडू सुटण्याआधी निघा. त्याची नजर नाही, कंबर आणि खांदे पाहा. नजर फसवते, कंबर सहसा फसवत नाही. त्याचे खांदे तुमच्या सेंटरसमोरच्या माणसाकडे वळलेत आणि तो धावता धावता आखडलाय, तर लांब पास त्याला कठीण जाईल, घुसा. तो ताठ आहे, हात मोकळे आहेत, तर बाहेरच राहा. सगळ्यांत वाईट म्हणजे एक पाऊल आत टाकून थांबणं. तेव्हा आतला माणूसही निसटतो आणि बाहेरचाही. सेंटरने ‘आत’ किंवा ‘सरक’ असं ओरडून सांगायचं असतं. तो गप्प राहिला तर दोष दोघांचा. पडद्यावर मात्र कोपऱ्यात पालथा पडलेला विंगरच दिसतो. बऱ्याचदा खरी चूक तीन माणसं आत, चुकलेल्या टॅकलमध्ये असते. म्हणून रिप्ले पाहताना चेंडू आत असतानापासून बघत जा.

कोपऱ्यात हवेत झेपावून ट्राय करतात ते नियमात बसतं कसं?

शरीर टचलाइनच्या बाहेर हवेत असलं तरी चालतं. बाहेरच्या जमिनीला ते टेकायच्या आत चेंडू ट्राय रेषेवर किंवा तिच्या मागे हाताने दाबून टेकवला की ट्राय. कोपऱ्यातल्या खांबाला खेळाडूचा नुसता स्पर्श झाला की पूर्वी तो बाद धरला जायचा. ते बदलल्यापासून या झेपा वाढल्या.

धावताना चेंडू टचलाइनकडच्या हातात ठेवा, म्हणजे आतला हात बचावपटूला ढकलायला मोकळा राहतो. झेप रेषेच्या दीड-दोन मीटर आधी घ्या आणि पाय मागे वर उचला, कारण बहुतेक ट्राय बाद होतात ते बुटाच्या टोकामुळे. खो-खोतल्या खांबावरच्या सुरासारखंच, लांबीपेक्षा खालून जाणं महत्त्वाचं: जितके खाली, सपाट जाल तितका बचावपटूला तुमच्याखाली हात घालायला वाव कमी. चेंडूचं टोक नव्हे, पोट टेकवा. टोक टेकलं तर चेंडू हातातून उडतो.

ट्रायचे चार गुण. तो करताना तुमच्यावर बेकायदा हल्ला झाला, तर नेहमीच्या दोन गुणांच्या किकशिवाय खांबांसमोरून आणखी एक पेनल्टी किक मिळते, म्हणजे एकूण आठ गुण होऊ शकतात. जागा मिळाली तर खांबांच्या दिशेने आत वळून चेंडू टेकवा. टचलाइनजवळून किक मारणाऱ्याचं काम किती अवघड असतं ते तुमच्या संघातल्या किकरला विचारा.

आठवड्याचा सराव कसा असतो?

सामना शनिवारी धरला तर रविवारी तलाव, हलकं चालणं, फिजिओ. सोमवारी व्हिडिओ आणि व्यायामशाळा. मंगळवार सर्वांत जड, पूर्ण वेगाचं सत्र. बुधवारी सुट्टी. गुरुवारी संघाच्या चाली, शुक्रवारी अर्ध्या तासाची हलकी तयारी. विंगरसाठी एक गोष्ट चुकता कामा नये: आठवड्यातून एकदा तरी आपल्या कमाल वेगाच्या ९० टक्क्यांवर धाव. ३० ते ४० मीटरच्या सहा ते आठ धावा, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. दुखण्याच्या भीतीने हे टाळणाऱ्याच्या मांडीचा मागचा स्नायू सामन्यातल्या पहिल्याच मोकळ्या धावेत जातो. त्याच स्नायूसाठी नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवणं), चार ते सहा वेळा, दोन-तीन फेऱ्या. सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही.

व्यावसायिक होण्याचा रस्ता कुठून जातो?

ऑस्ट्रेलियात स्थानिक ज्युनियर क्लब, मग हॅरोल्ड मॅथ्यूज, एसजी बॉल, जर्सी फ्लेग या वयोगटाच्या स्पर्धा, मग न्यू साउथ वेल्स कप किंवा क्वीन्सलंड कप, मग एनआरएल. क्लबच्या मुख्य यादीत ३० खेळाडू, शिवाय काही विकास-करारवाले. कधी ‘ट्रेन अँड ट्रायल’ करार मिळतो: हंगामाआधी सोबत सराव करा, आवडलात तर ठेवू. इंग्लंडमध्ये क्लबची स्कॉलरशिप, अकादमी, राखीव संघ, आणि मध्ये एखादा हंगाम चॅम्पियनशिपच्या (सुपर लीगखालच्या स्पर्धेच्या) क्लबकडे उसना. उसनं जाणं हा अपमान मानू नका. वीस सामन्यांत मोठ्या माणसांशी टक्कर घेतलेला विंगर नुसत्या राखीव संघात धावलेल्यापेक्षा खूप पुढे असतो.

उशिरा आलेलेही आहेत. मार्टिन ओफिया १९८७ मध्ये लंडनच्या रॉसलिन पार्क या युनियन क्लबातून विडनेस या लीग क्लबला आला, आणि १९९२ मध्ये विगन क्लबने त्याच्यासाठी ४,४०,००० पौंड मोजले. त्याच वर्षी लीड्सविरुद्धच्या एका सामन्यात त्याने दहा ट्राय केले.

पैसे किती मिळतात? करारात काय पाहावं?

एनआरएलमध्ये २०२३ च्या सामूहिक करारानुसार मुख्य यादीतल्या खेळाडूचं किमान वेतन १,२०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर ठरलं, ते टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत १,५०,००० होणार असं त्यात आहे. सुपर लीगमध्ये क्लबची वेतनमर्यादा (सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून खर्चाची मर्यादा) २१ लाख पौंड, त्यात मोजक्या मोठ्या खेळाडूंना सवलत. आकडे मोठे वाटतात, पण ते सहा-आठ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षांचे नाहीत.

वेतनमर्यादेचा फटका विंगरला सर्वांत आधी बसतो. क्लब पैसा आधी हाफबॅक (चाली रचणारा खेळाडू), फुलबॅक आणि मधल्या आघाडीवर लावतात, उरलेल्यातून विंगर. म्हणून फुलबॅक किंवा सेंटरलाही खेळू शकणारा विंगर करारात वरचढ ठरतो.

करार वाचताना हे आधी शोधा: वाढीव वर्षाचा पर्याय कुणाच्या हातात आहे, क्लबच्या की तुमच्या, दुखापतीत पूर्ण पगार किती काळ, सामन्यांच्या संख्येवर बोनस असेल तर शेवटचे दोन सामने बाहेर बसवून तो वाचवता येतो का, राखीव संघात खेळलेले सामने मोजले जातात का, शस्त्रक्रियेचा दुसरा सल्ला कुणाच्या खर्चाने. एनआरएलमध्ये कराराच्या शेवटच्या हंगामाआधीच्या १ नोव्हेंबरपासून इतर क्लबशी बोलता येतं. ती तारीख येण्याआधीच्या चार-पाच महिन्यांतला तुमचा खेळ सर्वांत महाग असतो.

कोणत्या दुखापती जास्त?

मांडीचा मागचा स्नायू, गुडघ्याचा पुढचा लिगामेंट, आणि झेपेतून खांद्याच्या टोकावर पडल्याने होणारी खांद्याची दुखापत. स्नायू दुखावला की दुखणं थांबल्यावर परत खेळण्याची घाई करू नका. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली, आणि पूर्ण वेगाची दोन-तीन सत्रं त्रास न होता पार पडली, तरच परत या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने ते वर्ष धरून चाला.

डोक्याला मार बसल्याची शंका आली तर १५ मिनिटांच्या तपासणीसाठी बाहेर जावंच लागतं. कन्कशन (माराने मेंदूला बसलेला हादरा) ठरलं तर एनआरएलमध्ये साधारण नियम ११ दिवस बाहेर राहण्याचा आहे. लक्षणं लपवू नका. त्या आठवड्यात तुमची जागा दुसऱ्याने घेतली तरी चालेल; लगेच बसणारा दुसरा मार पहिल्यासारखा नसतो.

विंगरची कारकीर्द किती वर्षं चालते? पुढे काय?

पदार्पण एकोणीस-विसाव्या वर्षी, भर तेवीस ते अठ्ठावीस. तिशीनंतर वेग कमी होतो, पण खेळाचं वाचन चांगलं असेल तर टिकता येतं. जागा बदलणं हा सर्वांत हमखास मार्ग. रॉजर टुइवासा-शेक २०१३ मध्ये रूस्टर्सचा विजेता विंगर होता, मग न्यूझीलंडच्या वॉरियर्स क्लबचा फुलबॅक झाला, २०१८ मध्ये डॅली एम पदक (एनआरएलच्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) मिळवलं, २०२२ मध्ये युनियनमध्ये न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाकडून खेळला आणि २०२४ मध्ये वॉरियर्सकडे परतला. जेसन रॉबिन्सन विगनमधून युनियनला गेला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय केला. युनियनला जाणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: तिथे टॅकलनंतरही चेंडूसाठी झगडा सुरूच राहतो. लीगमध्ये टॅकल पूर्ण होताच सुटायची सवय लागलेली असते, ती मोडायला एक अख्खा हंगाम जातो.

मोठे विक्रम कोणते?

ब्रायन बेव्हनचे ७९६ ट्राय, त्यातले ७४० इंग्लंडच्या वॉरिंग्टन क्लबसाठी. हडकुळा, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला हा ऑस्ट्रेलियन पाहून सुरुवातीला कुणाला विश्वास बसला नाही. कार्डिफच्या गोदी वस्तीतला बिली बोस्टन: ५७१ ट्राय, त्यातले ४७८ विगनसाठी. २०२५ मध्ये त्याला नाइटहूड मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच. १३० वर्षं लागली, हे आम्हाला अजूनही खटकतं. ऑस्ट्रेलियात अर्व्हाइनचे २३६ सामन्यांत २१२ ट्राय १९७३ पासून अर्धशतकभर अबाधित राहिले. साउथ सिडनीच्या ॲलेक्स जॉन्स्टनने २०२१ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी ३० ट्राय करून त्या आकड्याचा खरा पाठलाग सुरू केला.

मुलींसाठी?

एनआरएलडब्ल्यू, म्हणजे महिलांची एनआरएल, २०१८ मध्ये चार संघांनी सुरू झाली, २०२५ मध्ये संघ बारा झाले. ब्रिस्बेनच्या ज्युलिया रॉबिन्सनच्या कोपऱ्यातल्या झेपा जरूर पाहा. वर सांगितलेलं तंत्र तिच्यात दिसतं.

आमचा मुलगा सिडनीत वाढतोय. सुरुवात कशी करावी?

पॅरामॅटा, हॅरिस पार्क, ब्लॅकटाउन या ज्या भागांत पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, तोच या खेळाचा बालेकिल्ला आहे. सहा वर्षांखालच्या गटापासून नोंदणी होते. टॅकलची धास्ती असेल तर आधी लीग टॅग खेळू द्या. त्यात कमरेची पट्टी ओढली की टॅकल धरला जातो, आणि जागा ओळखणं, पास झेलणं हे सगळं शिकता येतं. दक्षिण आशियाई मुलगा या खेळात वर जाऊ शकतो का, असं विचारणाऱ्यांनी इक्रम बट्टचं नाव लक्षात ठेवावं: पाकिस्तानी वंशाच्या घरातला, लीड्समध्ये जन्मलेला हा विंगर १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळला.

मुलाला बारा वर्षांपर्यंत एकाच जागेवर बांधू नका. आणि पहिल्याच दिवशी दातांचं संरक्षक कवच दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या. उकळून बसवायचं स्वस्त कवच मुलं सामन्याच्या मध्येच काढून मोज्यात खोचतात.